मिठागराच्या बांधावरून: सॅन फ्रान्सिस्को बेच्या दक्षिण टोकाला मोटारींविना सायकल

खारेपाट

गटगला (आपल्या गेट-टुगेदरला) विषय निघाला तेव्हा "टाकतो धागा" म्हणून सुटलो होतो. तिसऱ्यांदा आठवण झाल्यावर आता लिहायला बसलोय. प्रश्न असा होता की बे एरियात दिवसभर सायकल हाणायची आहे, पण मागून एखादा पिकअप ट्रक घासून जाणार नाही, अशी जागा आहे का?

डोंगरात जा म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी म्हणेन, खाली उतरा, पाण्याकडे. २३७ हायवेच्या पलीकडे, सांडपाणी प्रकल्प आणि जुन्या कचराभूमीच्या मागे डॉन एडवर्ड्स वन्यजीव आश्रयस्थान पसरलंय. सगळे त्याला नुसतं रेफ्यूज म्हणतात, मीही तेच म्हणतो. सुमारे ३०,००० एकर. इथल्याच लोकांनी साठच्या दशकात हट्ट धरला, १९७२ साली काँग्रेसने कायदा केला आणि १९९५ मध्ये त्याला ते बिल रेटणाऱ्या खासदाराचं नाव मिळालं. अमेरिकेतल्या शहरी भागातल्या अगदी पहिल्या राष्ट्रीय रेफ्यूजपैकी हे एक. पलीकडे गूगलच्या इमारती, अलीकडे शेकाट्या चिखलात चोच मारतोय, असा सगळा मामला.

आता इथे मोटारी का नाहीत? कारण हा रस्ता मोटारींसाठी कुणी बांधलाच नाही. हा मिठागराचा बांध आहे. १८५४ पासून या खाडीत धंद्याचं मीठ पिकतंय. शंभर-सव्वाशे वर्षं लोकांनी दलदलीला बांध घालून कोंड्या (मिठाची तळी) पाडल्या. २००३ मध्ये कारगिल कंपनीकडून सरकारने १६,५०० एकर मिठागरं विकत घेतली. मीठवाले गेले, बांध राहिले. त्यातल्या काही बांधांच्या माथ्यावरून आपण सायकल चालवतो.

माझं गाव पेणच्या खारेपाटातलं. पहिल्यांदा इथल्या खाडीकाठच्या आल्व्हिसो गावाच्या बांधावर उभा राहिलो तेव्हा एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कोंडी, मध्ये आठ-दहा फुटांची वाट आणि ओहोटीच्या चिखलाचा तोच वास. बायको म्हणाली, "एवढ्या लांब येऊन पुन्हा वढावच्या बांधावरच आलास?" तिचं म्हणणं खोडता आलं नाही.

तर माझा आवडता दिवसभराचा मार्ग. सनीवेल बेलँड्स पार्कपाशी गाडी लावायची (किंवा कॅलट्रेन या लोकलने माउंटन व्ह्यूला उतरून स्टीव्हन्स क्रीक ट्रेलने खाली यायचं, तीही वाट स्वतंत्र आहे). तिथून वायव्येला. उजवीकडे कोंड्या, डावीकडे मॉफेट फील्डचं ते अगडबंब हँगर वन, जे १९३३ साली हवेत तरंगणाऱ्या एअरशिपसाठी बांधलं. ते अर्धा तास हलतच नाही, तुम्ही कितीही पायडल मारा. हा तुकडा २०१० मध्ये खुला झाला, त्याआधी इथे कुंपण होतं. मग माउंटन व्ह्यूचं शोअरलाइन. तळ्याकाठी खायला मिळतं आणि संडास स्वच्छ असतात. पुढे पालो आल्टो बेलँड्स. इथवर निवांत तासभर.

पालो आल्टोच्या पुढे ईस्ट पालो आल्टो आणि रेव्हन्सवूड. २०२० पर्यंत इथे अर्ध्या-पाऊण मैलाचा दुवा तुटलेला होता आणि निमूट युनिव्हर्सिटी अव्हेन्यूच्या गर्दीत शिरावं लागायचं. आता दलदलीवरून फळ्यांची वाट आणि पूल झालाय, थेट डम्बार्टन पुलाच्या तोंडाशी आणून सोडतो.

डम्बार्टन पूल १९८२ चा. दक्षिण बाजूला सायकलींची वेगळी पट्टी आहे, मध्ये काँक्रीटचा कठडा. मोटारी नाहीत असं म्हणणं इथे खोटं ठरेल. त्या आहेत, कठड्यापलीकडे, आणि कान किटतील इतका आवाज करतात. पण माथ्यावर थांबा. खाली कोंड्या दिसतील, एक हिरवट, एक भगवी, एक थेट आमसुलाच्या साराच्या रंगाची. मीठ जसजसं दाट होतं तसा रंग बदलतो. मध्यम खारटपणात बारीक कोळंब्या पाणी नारिंगी करतात, त्याहून दाट पाण्यात लाल शेवाळ आणि खारटपणातच जगणारे सूक्ष्मजीव. नेवार्ककडे अजून मीठ निघतं. तिथला पांढरा डोंगर पुलावरूनही दिसतो. खाडीचं पाणी घेण्यापासून मीठ वेचेपर्यंत इथे सुमारे पाच वर्षं लागतात. आपल्याकडे एका उन्हाळ्यात काम उरकतं. ऊनच तसं.

पूल उतरलात की मार्शलँड्स रोडने रेफ्यूजच्या मुख्य केंद्राकडे, तिथून ८४ हायवेवरच्या पादचारी पुलाने पलीकडे कायोटी हिल्स. टेकड्यांना वळसा घातला की अलामेडा क्रीक ट्रेल लागतो. डोंगराच्या तोंडाशी नाइल्सपासून खाडीपर्यंत १२ मैल, दक्षिण काठ डांबरी, उत्तर काठ मातीचा (घोडेवाल्यांचा). चौकांच्या खालून जातो, एक सिग्नल नाही. मी नाइल्सपर्यंत न जाता आधीच ट्रेल सोडतो आणि तीनेक किलोमीटर शहरी रस्त्याने फ्रीमाँट-सेंटरव्हिल स्टेशन गाठतो. तिथून कॅपिटल कॉरिडॉरची गाडी, सायकल डब्यात, ग्रेट अमेरिका स्टेशनला उतरायचं, पुन्हा ट्रेलने सनीवेल. माझ्या मीटरवर सायकलीचे ५४ किलोमीटर झाले.

आणि त्या गाडीचं तिकीट काढाच, कारण ती रेफ्यूजच्या पोटातून जाते. ड्रॉब्रिज नावाचं चिखलात बुडत चाललेलं उजाड गाव तिथे आहे. १८७६ मध्ये रेल्वे आली, पूल उघड-मिट करणाऱ्या माणसाची खोली झाली, मग बदकांचे शिकारी आले. १९२० च्या दशकात तिथे नव्वदेक घरं होती. शेवटचा रहिवासी १९७९ मध्ये गेला. पायी जायला सक्त बंदी आहे, म्हणून गाडीच्या खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच.

दिशा उलटी करू नका. दुपारी वायव्येचा वारा सुटतो. सकाळी वारा निजलेला असताना वायव्येला जायचं आणि दुपारी त्याला पाठीशी घेऊन अलामेडा क्रीकने पूर्वेला यायचं. मी एकदा उलटा गेलो होतो. सपाट रस्त्यावर घाटाचा गिअर लावून बसलो होतो.

टायर ३५ मिमीच्या खाली नको. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस मातीच्या बांधावर जाऊ नका, चिकणमाती चाकाला लगडते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पाणी पालो आल्टोला भरून घ्या.

---

डबलसीट

वाखू (वाचनखूण) साठवली. मस्त लिहिलंय हो.

पण एक दुखणं मांडतो. आल्व्हिसोच्या कोंड्यांभोवतीचा नऊ मैलांचा फेरा हा माझा रविवारचा नेम होता. आता गेलो की कुठेतरी जाळी लावलेली, "बांधकाम चालू". एका वर्षी चिखल्या पक्ष्याच्या विणीसाठी बंद, एका वर्षी बांध फोडला म्हणून वाटच गेली. आम्ही सायकलवाले ना आवाज करतो ना धूर. दोन अंड्यांसाठी पाच महिने वाट बंद? जरा अति होतंय.

---

पाणकावळा

तीन अंडी, डबलसीट. 😄

हिमचिखल्या घरटं करत नाही. सुकलेल्या कोंडीच्या उघड्या मिठावर खळगा करून अंडी घालतो. रंग असा की दोन फुटांवरून दिसत नाहीत. माणूस दिसला की पक्षी उठतो, उठला की अंडी उन्हात आणि कावळ्या-सीगलांच्या नजरेत. तुम्ही धूर करत नाही हे त्याला कसं कळणार? पश्चिम किनाऱ्यावरचा हा पक्षी १९९३ पासून संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत आहे.

तिथून जाताना इतर पाखरंही बघा. उचाट्या वरच्या बाजूला वळलेल्या चोचीने पाणी कापतो, शेकाट्याच्या गुलाबी पायांची लांबी बघून दर वेळी हसू येतं, हिवाळ्यात पांढरे झोळीवाले (पेलिकन) थव्याने येतात. अलास्का ते दक्षिण अमेरिका अशा वाटेने जाणाऱ्या स्थलांतरी पाखरांचा हा खानावळीचा थांबा. दुर्बीण हँडलच्या पिशवीत ठेवा, कॅरिअरवर बांधली की काढायचा कंटाळा येतो आणि पक्षी निघून जातो.

---

डबलसीट

पाखरांशी वैर नाही. पण मग बांध फोडण्याचं काय? चिखल्याला सुकी कोंडी हवी म्हणता, आणि सरकार कोंडीत पाणी सोडतंय. ठरवा एकदा.

---

खारेपाट

डबलसीट, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. यावर खरंच भांडण आहे, आणि ते सायकलवाले विरुद्ध पक्षी असं सरळ नाही.

बेची सुमारे ८५ टक्के भरतीची दलदल गेली. शेती, शहरं, मिठागरं यांनी खाल्ली. तिच्यात राहणारा रिजवेची फटाकडी हा पक्षी आणि मिठाच्या दलदलीतला उंदीर हे दोघेही धोक्यात आले. (उंदीर जेमतेम दहा ग्रॅमचा, खारं पाणी पिऊन जगतो. या खाडीबाहेर जगात कुठेच नाही.) त्यांना दलदल परत द्यायची तर बांध फोडून भरती आत घ्यावी लागते. पण शंभर वर्षांत शेकाट्या, उचाट्या, चिखल्या यांनी मिठागरांनाच घर केलंय. म्हणून दक्षिण बेच्या १५,१०० एकरांच्या प्रकल्पात आधीच ठरवलं की निम्म्या ते नव्वद टक्के कोंड्या दलदल होतील, बाकीच्या कोंड्या म्हणूनच राखायच्या. कुठे थांबायचं ते पाखरं मोजत मोजत ठरवायचं. मला हे पटतं. सरकारी कागदावर "पुढचं बघून ठरवू" असं लिहिलेलं मी दुसरीकडे फारसं पाहिलं नाही.

आता माझं वैयक्तिक. आमच्याकडे उधाणाला बांधाला खांड गेली (भगदाड पडलं) की रात्री-अपरात्री हाका पडायच्या. सगळा गाव फावडी, पेंढा, मातीची ढेकळं घेऊन धावायचा. खांड बुजली नाही तर भातशेती पाच-सहा वर्षं मेली. लहानपणी खांड हा शब्द आम्ही घाबरूनच ऐकला. आणि इथे २०१० च्या डिसेंबरात ए-६ कोंडीवर सरकारी माणसं पोकलेन घेऊन आली आणि हौसेने खांड पाडली. लोकं टाळ्या वाजवत होती म्हणे. बाबांना फोनवर सांगितलं तर ते गप्पच झाले. मग म्हणाले, "शेत कुणाचं होतं?" म्हटलं, कुणाचंच नाही, मिठाचं होतं. "मग ठीक आहे."

---

मांडवी

आमच्या गोव्यात बांधाला बांधच म्हणतात, पण पाण्याची झडप ती मानस. ओहोटीला आपसूक उघडते, भरतीला पाण्याच्या दाबाने मिटते. मानशीवर मासे धरायचा हक्क मिळवायला लिलाव होतो. चोडण बेटावर सालिम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूच्या खाजणातल्या (खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या) बांधांवरून सायकल घेऊन गेलोय, रायबंदरहून फेरीने. बांध अरुंद, मध्येच खेकड्यांची बिळं. तुमच्या फोटोत बांध गुळगुळीत दिसतो, आमच्याकडे पुढचं चाक बिळात गेलं की तुम्ही पाण्यात.

---

खारेपाट

मांडवी, आमच्याकडे मानशीला उघाडी म्हणतात. आल्व्हिसोच्या बांधावर लोखंडी पाट्यांच्या उघाड्या दिसतात, चाकं फिरवून उघडायच्या. मी प्रत्येक उघाडीपाशी थांबतो, म्हणून मुलगा माझ्यासोबत येत नाही.

---

चाकोरी

बांध फोडायचा, मग आल्व्हिसो गाव बुडत नाही का? ते तर समुद्रसपाटीखाली आहे ना?

---

पाणकावळा

बरोबर. खोऱ्यातल्या बागायतीने आणि शहराने जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत सॅन होजेचे काही भाग सुमारे १३ फूट खचले. आल्व्हिसोही खचलं आणि १९८३ च्या पुरात ते बुडालं. मिठागराचा बांध हा पूर अडवायला बांधलेला नव्हता, तो कोंडीतलं पाणी कोंडीत ठेवायला होता. तरी इतकी वर्षं गाव त्याच्याच आडोशाने राहिलं. म्हणून आधी गावाच्या अंगाला उंच, पक्का बंधारा बांधायचा आणि मगच पुढच्या कोंड्या खाडीला द्यायच्या. डबलसीटना दिसलेली जाळी त्याच कामाची. बंधारा झाला की त्याच्या माथ्यावरून पुन्हा वाट मिळणार आहे.

---

डबलसीट

ओके. माघार. पण अर्धीच. पाटी लावताना "ट्रेल बंद" एवढंच न लिहिता हे दोन वाक्यांत लिहिलं असतं तर मी तीन वर्षं चिडलो नसतो.

---

पूर्वकिनारा

आम्ही व्हर्जिनियातले. तुमच्या खाडीइतकं रंगीत नाही, पण आमच्या चिंकोटीगची बाजू मांडतो.

चिंकोटीग रेफ्यूज १९४३ चं, बर्फी हंसांसाठी केलेलं, आणि ते बहुतेक सगळं असटीग बेटावर आहे. आत सव्वातीन मैलांचा एक डांबरी फेरा आहे, वाइल्डलाइफ लूप. दुपारी तीनपर्यंत मोटारींना बंद, फक्त पायी आणि सायकल. तीनला मोटारी सोडतात, तेव्हा आपण समुद्रावर असायचं. गावातून पुलावरून आत जायलाही सायकलीची वाट आहे, म्हणून गाडी लॉजवरच ठेवून दोन दिवस निव्वळ सायकलीवर निघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंस उतरतात, तेव्हा तळं पांढरं होतं आणि गलका असा की शेजारच्या सायकलवाल्याशी बोलता येत नाही.

जंगली तट्टं दिसतात, ती चिंकोटीगच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीची. दर जुलैअखेर ती खाडीतून पोहवत आणून पिल्लांचा लिलाव करतात, १९२५ पासून. त्या आठवड्यात जाऊ नका, गणपतीतल्या लालबागसारखी गर्दी असते.

आणि डास. काका, डास! जून ते सप्टेंबर झाडीतल्या वाटेवर सायकल थांबवून फोटो काढायची हिंमत करू नका. चालत्या सायकलीला कमी चावतात एवढंच. गोचिडीही आहेत, घरी आल्यावर घोटे तपासा.

अजून दूर जायची तयारी असेल तर व्हर्जिनिया बीचच्या दक्षिणेला बॅक बे रेफ्यूज. त्याच्या पलीकडच्या फॉल्स केप पार्कला मोटारीने जाताच येत नाही. सायकल, पाय, होडी नाहीतर त्यांची ट्राम. तंबू टाकता येतो, पण परवाना आधी काढावा लागतो. हिवाळ्यात आतले बांध बदकांसाठी बंद असतात, तेव्हा समुद्राच्या वाळूवरून जावं लागतं. मी ते एकदा केलं. वाळूत रुंद चाकं हवीत, माझी नव्हती. पुढचं लिहीत नाही.

---

खारेपाट

पूर्वकिनारा, लिहा की पुढचं. वेगळा धागा काढा.

---

रमाकाकू

मी फ्रीमाँटला लेकाकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. वय ६४. साताऱ्याला भाजी आणायला अजून सायकलच नेते. इथे लेक म्हणतो, आई रस्त्यावर सायकल नको. तुम्ही म्हणता तो अलामेडा ट्रेल घरापासून दहा मिनिटांवर आहे म्हणे. माझ्यासारखीला जमेल का? परतीचं कसं? आणि वाटेत बसायला काही आहे का?

---

खारेपाट

काकू, अगदी जमेल. दक्षिण काठाची डांबरी वाट धरा, उत्तरेची नको. दोन्ही बाजूंनी मैलांचे आकडे लिहिलेत, त्यामुळे कुठे परत फिरायचं ते आपल्या हातात. सकाळी आठला निघा. खाडीकडे जाताना सकाळी वारा नसतो, परत येताना तो तुम्हाला ढकलत आणेल. खाडीच्या टोकापर्यंत जायची गरज नाही. कायोटी हिल्सच्या टेकड्या समोर दिसायला लागल्या की तिथूनच वळा, टेकड्यांभोवतीच्या वाटेला दोन-तीन चढ आहेत. लेकाला म्हणावं, पहिल्या दिवशी तू मागून ये, गुपचूप.

कानात ते बोळे घालू नका. मागून वेगात येणारे "ऑन युअर लेफ्ट" ओरडतात, म्हणजे ते तुमच्या डावीकडून पुढे जाणार आहेत. आपण उजवी कड सोडायची नाही, मागे वळूनही बघायचं नाही. (आपल्याकडून आल्यावर पहिली दोन-चार वर्षं मी ते ऐकून नेमका डावीकडेच वळायचो.)

---

चाकोरी

काकू, पंक्चरची तयारी ठेवा. त्या ट्रेलवर जमिनीलगत पसरलेली एक वेल आहे, पिवळं फूल, काटा असा की टायर फोडून ट्यूबपर्यंत जातो. इथे तिला पंक्चरव्हाइन म्हणतात. माझे एका दिवसात दोन्ही टायर गेले होते. ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या.

---

रमाकाकू

चाकोरी, तुमचा फोटो बघितला. अहो, हे तर सराटे! आमच्या माणदेशाकडे वाटेवर पसरलेले असतात. अनवाणी चालताना पायात किती मोडलेत. गोखरू म्हणून काढ्यात घालतात ते हेच. इथेपर्यंत आले होय. ओळखीचंच निघालं, आता भीती नाही. वाटेच्या कडेला सराटा असतो, मधोमध नसतो. कडेला उतरून उभं राहायचं नाही, एवढंच.

---

चाकोरी

काकू, हे मला कुठल्याच सायकल दुकानाने सांगितलं नाही. मी दर वेळी कडेलाच थांबायचो!

---

नुसता_प्रेक्षक

ई-बाइक चालते का? आणि चहा कुठे?

---

खारेपाट

ई-बाइकचे नियम शहराच्या वाटेला वेगळे, प्रादेशिक पार्कला वेगळे, रेफ्यूजला वेगळे. ज्या तुकड्यावर जाणार त्याच्या तोंडाची पाटी वाचा. रेफ्यूजमध्ये कुत्रं न्यायलाही बहुतेक वाटांवर मनाई आहे, आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडावं लागतं. चहा थर्मासमध्ये.

---

रमाकाकू

गेले बरं का. काल सकाळी. लेक मागून आला, गुपचूप नाही, सारखं "आई हळू" करत. जाऊन-येऊन १४ मैल झाले. पंक्चर नाही.

क्रीकमध्ये पाणी बेताचंच होतं. पांढरे बगळे ओळखू आले, बाकी पाखरं लेकाने फोनवर शोधून सांगितली. पुलांच्या खालून जाताना वर मोटारींचा आवाज आणि खाली आपण एकटे, हे मला फार आवडलं. एक शीख आजोबा रोज चालायला येतात. मला बघून थांबले, पंजाबीत काहीतरी म्हणाले, मी मराठीत उत्तर दिलं, दोघांचं समाधान झालं.

पुढच्या रविवारी लेक म्हणतो त्या ड्रॉब्रिजच्या गाडीने जाऊ, सायकली घेऊन. खिडकी कुठल्या बाजूची धरायची?

---

खारेपाट

फ्रीमाँटहून निघताना गाडीच्या तोंडाच्या दिशेने बसा आणि उजवी बाजू धरा, खाडी तिकडे आहे. नेवार्क मागे पडलं की फोन खाली ठेवा. मोडकी घरं मिनिटभरसुद्धा दिसत नाहीत. मी दोनदा फोनमध्ये बघत बसलो आणि आल्व्हिसो आलं.

---

डबलसीट

रविवारी मीही येतो. सकाळी साडेसात, सनीवेल बेलँड्सचा पार्किंग लॉट. तिथून सायकलीने, आणि काकू सेंटरव्हिलला आम्हाला गाडीत भेटतील. खारेपाट, उघाडीपाशी किती वेळ थांबणार ते आधी सांगा, म्हणजे त्या हिशोबाने गाडी धरू.

---

खारेपाट

एका उघाडीला पाच मिनिटं. वाटेत चार आहेत.